विसांतले आठ

चाळिशीनंतर माणसाने काहीतरी चालू करायला हवं, असं डॉक्टर सांगतात. काय चालू करायचं ते मात्र सांगत नाहीत. कुणी योगासनं चालू करतो, कुणी कारल्याचा रस. कुणी नुसतं चालणंच चालू करतो आणि चालता चालता कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी ते बंद करतो. मी गोल्फ चालू केला. हे वाक्य उच्चारलं की समोरच्याची नजर आधी माझ्या चपलांकडे जाते. बँकेतला कारकून आणि गोल्फ! आमच्या सासरेबुवांनी तर हे नवीन काही औषध असावं अशा समजुतीने, "जेवणाआधी की जेवणानंतर?" असं विचारलं होतं.

लोकांचं तरी काय चुकतं म्हणा. हिंदी सिनेमात गोल्फ फक्त नायिकेचा बाप खेळतो, आणि तोही नायकाला "मेरी बेटी को भूलने का क्या लोगे?" असं विचारण्यापुरता. मुळात हा खेळ आपल्याकडे आणला साहेबाने. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ साली निघाला; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली १८५३ साली. म्हणजे साहेबाने आधी गोल्फची सोय केली आणि मग चोवीस वर्षांनी प्रवासाची. यावरून कारभारात कशाला अग्रक्रम द्यायचा हे तो जाणत होता.

आमच्यापर्यंत हा खेळ पोचायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक म्हणजे सिडकोने खारघरच्या डोंगराखाली, पांडवकड्याच्या धबधब्याच्या अंगाला, गोल्फचं मैदान केलं आणि ते पैसे भरून कुणालाही खेळता येईल असं ठेवलं. आणि दुसरी म्हणजे २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली. आता सुटी मिळाली की घरी बसावं, माळ्यावरचे डबे काढून द्यावेत, असा शास्त्रार्थ आहे. पण आमच्या शाखेला त्याच सुमारास नवे मॅनेजर आले आणि डबे माळ्यावरच राहिले.

इथे एक सांगून ठेवतो. बँकेत माणसाला नाव असतं ते पगारपत्रकात. एरवी तो पदाने ओळखला जातो. मीही मंडळींना पदानेच हाक मारणार आहे. मॅनेजरसाहेब, कॅशियर, हवालदार आणि मी. अशी आमची चौकडी.

हवालदार म्हणजे शाखेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन स्टुलावर बसणारे आमचे गार्ड. सातारकडचे. सतरा वर्षं फौजेत काढून मग बँकेत आलेले. दिवसभरात "पासबुकाची लाइन तिकडं" याखेरीज दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांना अमेरिकेतल्या मेहुण्याने गोल्फच्या जुन्या काठ्यांचा संच दिलेला. साहेब दुपारी केबिनमध्ये छत्री घेऊन फटक्याचा सराव करायचे. काचेतून हे दृश्य सगळी शाखा बघायची आणि साहेब झुरळ मारताहेत असं समजून पुन्हा कामाला लागायची. एका दुपारी हवालदार स्टुलावरून उठले, केबिनमध्ये गेले, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "सायब, डावा कोपर वाकतूय."

साहेबांच्या हातातली छत्री तशीच वर राहिली.

मग उलगडा झाला. छावणी तिथे गोल्फचं मैदान, ही आपल्या फौजेची जुनी रीत. हवालदारांनी सतरा वर्षं रविवारी सकाळी कुणा ना कुणा कर्नलसाहेबाची काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली होती. कुठल्या काठीने चेंडू किती जातो, गवताची लव कुठल्या बाजूला आहे, वारा काय म्हणतो, हे सगळं तोंडपाठ. साहेब लोक चहाला गेले की मागे राहिलेल्या एका काठीने संध्याकाळी स्वतः दोनचार फटके मारायचे. त्यांचं दैवत एकच, अली शेर. दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहणारा हा पोरगा १९९१ साली इंडियन ओपन जिंकून बसला. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. हवालदार हे नाव असं घ्यायचे, की आपोआप ताठ उभं राहावंसं वाटे.

असे आम्हाला गुरू लाभले. बँकेत जो साहेबाला दार उघडून द्यायचा, तो खारघरला साहेबाला "मान वर काडू नगा!" असं ओरडायचा. साहेबही मुकाट्याने मान खाली घालायचे. प्रमोशनचे कागद वाचतानासुद्धा त्यांची मान इतकी खाली गेलेली मी पाहिली नव्हती. सुरुवातीला सरावाच्या जागी आमच्या तिघांत तो एकच संच होता. जॉइंट अकाउंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर. पुढे खेळायला उतरल्यावर भाड्याच्या काठ्या घेऊ लागलो, कारण दुसऱ्याची काठी वापरायची नाही असा नियम आहे. हा नियम लिहिणाऱ्याला बहुधा मेहुणा असावा.

आता खेळाविषयी. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळ मिळत नाही. म्हणून विचार न करणारी माणसंही त्यात नाव काढतात. गोल्फचा चेंडू जागचा हलत नाही. लिंबाएवढा जीव, वजन सेहेचाळीस ग्रॅमच्या आत. पण हयातीचा दाखला घेऊन आलेल्या पेन्शनरासारखा तो शांतपणे तुमच्याकडे बघत बसतो. तुमची घाई ही तुमची अडचण. आपण काठी उगारतो, सगळा देह पिळवटतो, वारा सूंऽ करतो आणि डोळे उघडून पाहावं तर चेंडू तिथेच. "झालं तुमचं?" असं विचारत असल्यासारखा.

आणि हा चेंडू शेवटी घालायचा कुठे, तर सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात. शेवटचे दोनचार हात तर सरळ सरळ गोट्यांचा खेळ आहे. आमच्या हिने एकदा मैदानावर येऊन हे पाहिलं आणि म्हणाली, "बंटीने गल्लीत गोट्या खेळल्या तर पाठीत धपाटा, आणि तुम्ही पैसे भरून गोट्या खेळता!" हिचा विरोध नवा नाही. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती, कारण माणसं धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायची. कायदा झाला, पण खेळ थांबला नाही. हा दाखला मी घरी दिला. ही म्हणाली, "पार्लमेंटात बायका नसतील."

हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची. २०१९ पासून तीनच केली. मॅनेजरसाहेबांना या बदलाचा काही उपद्रव झाला नाही, कारण त्यांचा चेंडू हरवायचा नाही. तो पाण्यात जायचा. मैदानात ओंजळभर पाणी कुठे असेल ते साहेबांच्या चेंडूला बरोबर कळायचं. पाणाड्याला पैसे देण्यापेक्षा शेतकऱ्यांनी साहेबांना एकदा शिवारात उभं करावं, असं कॅशियर म्हणत.

पण मी या खेळाच्या प्रेमात पडलो ते बी. कॉम. झालो म्हणून. ज्याचे फटके कमी तो जिंकला, हे एक. त्यामुळे आयुष्यभर बचतीची सवय झालेल्या माणसाला हा खेळ लगेच पटतो. दुसरं म्हणजे, इथे अंपायर नसतो. रोजच्या खेळात आपला हिशोब आपणच लिहायचा. इन्कम टॅक्सचं जसं सेल्फ असेसमेंट. झुडपामागे तुम्ही तीन फटके मारलेत की सात, हे तुम्ही आणि झुडूप जाणे.

या बाबतीत आमचे कॅशियर म्हणजे प्रतिराजा हरिश्चंद्र. काठी फिरली आणि चेंडू हलला नाही, तरी तो फटका धरायचा असा नियम आहे. मॅनेजरसाहेब म्हणायचे, "अहो, तो सराव होता." कॅशियर विचारायचे, "मारायचं मनात होतं का नव्हतं?" साहेब गप्प. "मग व्हाउचर फाटलं." कॅशियरनी एक जाड रजिस्टर घातलं होतं. त्यात तीन रकाने आखून आमची प्रत्येक फेरी तारीखवार लिहिलेली. खाली सही, बाजूला तपासल्याची खूण.

ऑडिट असावं हे मात्र खरं. अ‍ॅलन शेपर्ड नावाच्या अंतराळवीराने १९७१ साली चंद्रावर गोल्फचा चेंडू मारला. दगडमाती गोळा करायच्या दांड्याला काठीचं डोकं जोडून, एका हाताने. चेंडू मैलोगणती गेला, असं तो म्हणाला, आणि जगाने मान डोलावली. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, जुनी छायाचित्रं नीट करून कुणीतरी मोजमाप केलं. तो चेंडू गेला होता चाळीस यार्ड. कॅशियरनी ही बातमी कात्रण काढून रजिस्टरात चिकटवली. चंद्रावर गेलं तरी गोल्फवाल्याची जीभ पृथ्वीवरचीच राहते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हँडिकॅप. कच्चा खेळाडू आणि पक्का खेळाडू एकत्र खेळायला उतरले तर मजा काय? म्हणून कच्च्याला सूट. माझा हँडिकॅप छत्तीस म्हणजे मी मारलेल्या फटक्यांतून छत्तीस वजा करायचे. मग बापही मुलाबरोबर खेळू शकतो आणि कारकूनही साहेबाबरोबर. आमचे आकडे कुठल्या क्लबाच्या शिक्क्याचे नव्हते; कॅशियरच्या रजिस्टरातले होते. २०२० पासून जगभर हा आकडा काढायची एकच रीत आली. तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या उत्तम आठ निवडायच्या, त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या बारा सोडून द्यायच्या.

बारा सोडून द्यायच्या! कॅशियरनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. वीस वर्षं काउंटरवर बसल्यावर मला जी रीत ठाऊक होती, ती उलटी होती. वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस कॅश जुळली तरी गोपनीय अहवालात येतो तो विसावा. घरीसुद्धा लग्नानंतरच्या सगळ्या वाढदिवसांपैकी जो विसरला तोच लक्षात राहतो. आणि इथे एक खेळ सांगतोय, की माणूस ओळखायचा तो त्याच्या बऱ्या दिवसांवरून. हा नियम ज्यांनी केला त्यांना आमच्या कार्मिक विभागात आणून बसवलं पाहिजे.

पुढे मॅनेजरसाहेबांची बदली झाली चंडीगडला. आणि हवालदारांचे निवृत्तीचे दिवस जवळ आले, मार्च २०२३. चौकडी मोडणार हे दिसतच होतं. त्याआधी एकदा चौघांनी मिळून कुठेतरी खेळायचं, असं ठरलं. साहेबांनी फोनवरून सांगितलं, सिमल्याला या. तिथून बाविसेक किलोमीटरवर नालदेहरा आहे. बाहेरच्या माणसाला खेळता येतं, काठ्याही भाड्याने मिळतात.

एलएफसी ही बँकवाल्यांच्या आयुष्यातली मोठी सोय. चार वर्षांतून एकदा बँक आपल्याला सहकुटुंब फिरायला पाठवते, आणि त्यामुळे माणूस सहकुटुंब फिरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिघांनीही ती घेतली. घरी 'सिमला' एवढंच सांगितलं. कालक्याहून छोट्या गाडीने एकशे दोन बोगदे पार केले. प्रत्येक बोगद्यात मुलं किंचाळली, आणि साधारण चाळिसाव्या बोगद्यात हिने अंधारातच विचारलं, "तिथे गोल्फ आहे ना?"

नालदेहरा म्हणजे देवदारांच्या गर्दीत, दोन हजार मीटरच्या वर, डोंगराच्या कुशीत अंथरलेलं गवत. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली, की १९०४ साली झालेल्या मुलीच्या नावात त्याने 'नालदेरा' घातलं. शाळेत आम्हाला कर्झनची फक्त १९०५ ची फाळणी शिकवली. तोही माणूस म्हणजे त्याच्या बारा वाईट फेऱ्याच, असं आम्ही समजून चाललो होतो. अर्थात बंगालच्या माणसाला हे समीकरण मान्य होणार नाही, आणि मीही आग्रह धरणार नाही.

मैदानावर पिशव्या उचलायला गावातली पोरं होती. हवालदारांनी सवयीने साहेबांची पिशवी खांद्याला लावलेली. एका पोराने ती धरली. हवालदार सोडीनात. पोरगाही सोडीना, त्याच्या मजुरीचा प्रश्न होता. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "खेलने वाले तीन?" मॅनेजरसाहेब म्हणाले, "चार." आणि हवालदारांचं नाव त्यांनी स्वतः पहिलं लिहिलं.

खारघरला हवालदार कधी पूर्ण डाव खेळले नव्हते. "मी दावतो, तुमी खेळा," असं म्हणायचे. मधूनच एखादा फटका असा मारून दाखवायचे, की आम्ही तिघं चेंडू दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचो. पण त्यांच्या नावाचा रकाना रजिस्टरात नव्हता. कॅशियरनी प्रवासाला निघण्यापूर्वी तो चौथा रकाना आखून घेतला होता. अडचण एकच होती. हँडिकॅप काढायला लिहिलेल्या फेऱ्या हव्यात. हवालदारांची कागदावर एकही नाही. सतरा वर्षांच्या संध्याकाळी एका काठीने मारलेले ते फटके कुणी लिहून ठेवले होते? कॅशियर पेन हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी त्या रकान्यात शून्य लिहिलं. "सूट नको, हवालदार. तुम्हाला लागायची नाही."

खेळ सुरू झाला आणि हवालदारांना एक नवीच पंचाईत आली. खांद्यावर पिशवी नाही, मांडीवर बंदूक नाही. हातांचं करायचं काय? कधी ते पाठीमागे बांधले, कधी खिशात घातले. शेवटी कॅशियरची पाण्याची बाटली मागून घेतली आणि ती धरून चालू लागले, तेव्हा कुठे पाऊल सुधारलं.

विरळ हवेत चेंडू लांब जातो. साहेबांचे फटके इतके लांब जाऊ लागले, की बदली मानवली असं आम्ही म्हणालो. पाणीही त्या दिवशी त्यांच्या चेंडूला भेटलं नाही. माझा चेंडू देवदारांना भेटून भेटून जात होता. नवस फेडत असावा. हवालदार मात्र काही न बोलता खेळत होते. चेंडूपाशी जायचं, एकदा वर, एकदा खाली बघायचं, आणि टच्च! पिशवीवाला पोरगा आमचं सोडून त्यांच्याच मागे चालायला लागला. नवव्या होलपाशी त्याने धीर करून विचारलं, "आप फौज में अफसर थे?"

हवालदार थांबले. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे बघितलं. "अफसर नहीं," ते म्हणाले. "इन साहब लोगों का मास्टर हूं."

दुपारी मालरोडची खरेदी आटोपून बायका टॅक्सीने आल्या. देवदाराखाली सतरंजी अंथरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. हवालदारांच्या मंडळींनी नवऱ्याला सतरा वर्षं गणवेशात पाहिलेलं, पुढे बँकेच्या दारात पाहिलेलं. खेळताना पहिल्यांदाच पाहत होत्या. पदर तोंडाशी धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्येच खेळायचं व्हतं, तर आपल्या रानात काय जागा कमी हाय व्हय?"

संध्याकाळी कॅशियरनी ताळेबंद मांडला. साहेब एकशे आठ, वजा तेहेतीस, पंचाहत्तर. कॅशियर एकशे पाच, वजा सत्तावीस, अठ्ठ्याहत्तर. मी एकशे एकवीस, वजा छत्तीस, पंच्याऐंशी. हवालदार एकोणऐंशी, वजा शून्य, एकोणऐंशी. नियमाने साहेब जिंकले. साहेबांचा चेहरा ऑडिटर आल्यासारखा झाला. "हे काही खरं नाही," ते म्हणाले. हवालदारांनी मात्र कडक सॅल्यूट ठोकला. "कायदा म्हंजे कायदा, सायब." आणि ती फटक्यांची चिठ्ठी, जिच्यावर त्यांचं नाव सर्वांत वर होतं, त्यांनी चौघडी घालून पेन्शनच्या कार्डाबरोबर आतल्या खिशात ठेवली.

मार्चमध्ये हवालदार निवृत्त झाले. शाखेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कॅशियरनी रजिस्टरातला चौथा रकाना पुसला नाही. त्यात एकच आकडा आहे. विसांतले आठ व्हायला अजून एकोणीस फेऱ्या हव्यात, आणि हिशोब अर्धा ठेवणं हे कॅशियरच्या प्रकृतीला मानवत नाही.

परवा गावाहून फोन आला. जोंधळा काढून झालाय. बांधालगतच्या पट्टीत हवालदारांनी सव्वाचार इंचाचं भोक पाडलंय, शेजारी एका काठीला बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलाय. "होल येकच हाय सायब, पन अठरा डाव खेळता येतोय. चौघं बी या." मॅनेजरसाहेबांनी चंडीगडहून रजेचा अर्ज टाकलाय. कॅशियरनी नवीन रिफिल आणलीय. सगळं ठरलं. फक्त रानातली विहीर कुठल्या बाजूला आहे, हे हवालदारांनी अजून सांगितलेलं नाही, आणि साहेबांनीही ते विचारायचं धाडस केलेलं नाही.